लायसोसोम, ‘आत्मघाती पिशवी’ आणि बाकीची अंगकं

जीवशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘लयकारिका म्हणजे लायसोसोम, यांना पुस्तकात आत्मघाती पिशव्या म्हटलंय. पेशी म्हातारी झाली की त्या फुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवते, असं आम्हाला शिकवलं. मग इतकी धोक्याची वस्तू पेशी बाळगते कशाला? बाकीच्या अंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या इतर छोट्या अवयवांचा, तिच्याशी काय संबंध? आणि लायसोसोमचे आजार असतात म्हणे, तर औषध पेशीच्या आत थेट त्या पिशवीपर्यंत पोचवायचं कसं?’

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि तिसरा तर फारच चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर: पेशीला मारणं हे लायसोसोमचं नेहमीचं काम नव्हे. पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूची सूत्रं बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या अंगकांच्या हातात असतात. लायसोसोम त्या पेशीला आयुष्यभर जगवत असतो, आणि तेही एकट्याने नाही. त्याची विकरं (रेणू तोडणारी प्रथिनं, म्हणजे एंझाइम) दुसरीकडे बनतात, तिसरीकडे त्यांच्यावर खूण उमटते, त्याचं आम्ल टिकवायला लागणारी ऊर्जा बाहेरून येते, आणि त्याने मोकळा केलेला माल पुन्हा इतर अंगकांकडेच जातो. या साखळीतला कुठलाही दुवा तुटला तरी आजार ‘लायसोसोमचा’ म्हणूनच समोर येतो.

मी अशा आजारांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. रक्ताचे नमुने, त्वचेच्या तुकड्यापासून वाढवलेल्या पेशी आणि एकेका विकराचे आकडे हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तर आजारांच्या वाटेने जाईल. एखादं अंगक काय करतं हे ते बिघडल्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं एरवी दिसत नाही.

लायसोसोमचा शोध कसा लागला ते आधी सांगते, कारण त्या गोष्टीतच पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात ख्रिश्चियन द दूव इन्सुलिनचा यकृतावर होणारा परिणाम अभ्यासत होते. लायसोसोम शोधणं त्यांच्या मनातही नव्हतं. १९४९ च्या डिसेंबरात त्यांच्या गटाने उंदराच्या यकृतातल्या पेशी हलक्या हाताने फोडल्या आणि त्या मिश्रणात आम्ल फॉस्फेटेज या विकराची क्रिया मोजली. ती अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी भरली. तेच नमुने शीतकपाटात ठेवले आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर क्रिया पूर्ण भरली! विकर तर पाच दिवसांत नव्याने तयार होणं शक्य नव्हतं. म्हणजे ते आधीपासून तिथेच होतं, फक्त कशाच्या तरी आत बंद होतं. चाचणीसाठी घातलेला पदार्थ त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. पाच दिवसांत ते आवरण झिजलं आणि विकर बाहेर आलं.

पुढे आणखी चार विकरं अगदी असंच वागताना आढळली. सगळी आम्लात काम करणारी, सगळी मोठे रेणू तोडणारी, आणि सगळी एकाच आकाराच्या कणांत बंद. १९५५ मध्ये द दूव यांनी या कणांना लायसोसोम हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली कोणी नीट पाहण्याआधी केवळ विकरं मोजून एक अंगक ओळखलं गेलं, हे मला आजही विलक्षण वाटतं. त्याच कामात यूरेट ऑक्सिडेज हे विकर मात्र या गटात बसेना. त्याचा माग काढता काढता पेरॉक्सिसोम हे वेगळं अंगक हाती लागलं. १९७४ चं नोबेल पारितोषिक द दूव, अल्बेअर क्लोद आणि जॉर्ज पलाडे या तिघांना मिळालं.

आता ‘फुटला तर काय?’ याकडे येऊ. लायसोसोमच्या आत पीएच ४.५ ते ५ असतो, बाहेरच्या पेशीद्रव्यात साधारण ७.२. म्हणजे आत प्रोटॉनांची संहती बाहेरच्या १५० ते ५०० पट. हा फरक आपोआप टिकत नाही. लायसोसोमच्या पटलात, म्हणजे आवरणात, प्रोटॉन आत ढकलणारा पंप बसवलेला असतो आणि तो सतत एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करत चालतो. आतली जवळपास ६० प्रकारची विकरं याच आम्लात नीट काम करतात. एखादा लायसोसोम फुटून ती पेशीद्रव्यात सांडली, तर बहुतेकांचं काम तिथल्या उदासीन पीएचमध्ये मंदावतं किंवा थांबतंच. कॅथेप्सिन गटातली काही प्रथिनभक्षक विकरं तरीही थोडा वेळ तग धरतात. त्यांना अडवायला पेशीद्रव्यात सिस्टॅटिन नावाची प्रथिनं हजर असतात. खुद्द पटलाच्या आतल्या बाजूला शर्करासाखळ्यांचा दाट थर असतो, म्हणून विकरं एरवी स्वतःचंच आवरण खात नाहीत.

शिवाय फुटलेला लायसोसोम पेशीच्या लगेच लक्षात येतो. आतल्या शर्करा उघड्या पडल्या की गॅलेक्टिन नावाची प्रथिनं त्यांना जाऊन चिकटतात. लहान भोक असेल तर पटल जोडणारी प्रथिनं ते बुजवतात, आंतर्द्रव्यजालिका हे प्रथिनं आणि मेद बनवणारं जाळ्यासारखं अंगक जवळ सरकून दुरुस्तीसाठी मेद पुरवतं. नुकसान दुरुस्तीपलीकडचं असेल तर तो अख्खा लायसोसोम गुंडाळून दुसऱ्या धडधाकट लायसोसोमच्या हवाली केला जातो. लायसोसोमच लायसोसोमला पचवतो.

एकाच वेळी खूप लायसोसोम फुटले तर मात्र पेशी मरते, हे खरं आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की भक्षकपेशी ते स्फटिक गिळतात. स्फटिक पचत नाहीत, उलट लायसोसोमचं पटल फाडतात. पेशी मरते, दाह भडकतो, स्फटिक मोकळे होतात आणि पुढची भक्षकपेशी ते गिळते. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात होणाऱ्या सिलिकोसिसमागे हे चक्र आहे. पण हा अपघात आहे, पेशीची योजना नाही.

पेशीच्या योजनेतला मृत्यू वेगळाच दिसतो. तिला आतून मरणाचा संकेत मिळाला की मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाला छिद्रं पडतात, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं आणि त्यातून कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात. तीच पेशीचा सांगाडा आणि केंद्रक पद्धतशीर कापतात. गंमत पुढे आहे. मेलेल्या पेशीचे पटलबंद तुकडे शेजारच्या पेशी गिळतात, आणि ते पचवले जातात गिळणाऱ्या पेशीच्या लायसोसोममध्ये. म्हणजे लायसोसोम या प्रकरणात येतो तो मृत्यूनंतर, आणि बहुधा दुसऱ्याच पेशीचा. बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी होते हे उदाहरण पुस्तकांत हमखास असतं. तिथेही थायरॉइड संप्रेरकामुळे शेपटीच्या पेशींचा नियोजित मृत्यू आणि भक्षकपेशींचं खाणं हे दोन्ही चालू असतं. लायसोसोमची विकरं त्यात भरपूर राबतात, पण ‘पिशवी फुटली आणि शेपूट गेली’ इतकं ते सोपं नाही.

दुसरा प्रश्न, बाकीच्या अंगकांचा. याचं उत्तर देण्याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एका विकराबरोबर प्रवास करणं. आम्ल अल्फा-ग्लुकोसायडेज घेऊ. ग्लायकोजेन तोडून त्यातलं ग्लुकोज मोकळं करणं हे त्याचं काम. त्याचं जनुक केंद्रकात १७ व्या गुणसूत्रावर आहे. जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर पडते, रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर वाचली जाऊ लागते, आणि प्रथिनाचं पहिलं टोक बाहेर आल्याबरोबर तो रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन चिकटतो. वाढती साखळी सरळ जालिकेच्या आत उतरते. हे विकर पेशीद्रव्याला असं कधी भेटतच नाही.

जालिकेत ९५२ अमिनो आम्लांच्या या साखळीला घड्या पडतात आणि तिच्यावर शर्करेच्या फांद्या बसतात. घडी चुकली तर जालिका तिला पुढे सोडत नाही. थोडा वेळ सुधारायची संधी देते, नाहीतर बाहेर ढकलून प्रोटिएसोम नावाच्या यंत्रणेकडून तिचे तुकडे करवते. हे नीट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे. लायसोसोमच्या कितीतरी आजारांत विकर तयार होतं, त्याची काम करायची थोडीफार ताकदही शाबूत असते, पण घडीत किंचित खोट असल्यामुळे ते जालिकेतच अडतं आणि मोडीत निघतं.

घडी बरोबर बसलेलं विकर पुटिकेत, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशवीत बसून गॉल्गी या मालाची वर्गवारी करणाऱ्या अंगकात येतं. गॉल्गीतून तर शेकडो प्रकारची प्रथिनं जात असतात. काही पेशीबाहेर जायची असतात, काही पटलावर बसायची असतात. त्यांतून लायसोसोमची तेवढी ओळखायची कशी? गॉल्गीतलं एक विकर त्यांच्या पृष्ठभागाची ठेवण ओळखतं आणि त्यांच्या शर्करेवर फॉस्फेट बसवायची सुरुवात करतं. दुसरं विकर ते काम पुरं करतं. तयार होते ती खूण म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट. गॉल्गीच्या पलीकडच्या टोकाला या खुणेचे ग्राही, म्हणजे ती ओळखून पकडणारी प्रथिनं, वाट पाहत असतात. ते विकराला पकडतात, पुटिकेतून एंडोसोमपर्यंत, म्हणजे लायसोसोमच्या आधीच्या टप्प्यापर्यंत नेतात. एंडोसोममध्ये आम्लता वाढलेली असल्यामुळे पकड सुटते, ग्राही रिकामा गॉल्गीकडे परततो आणि विकर पुढे लायसोसोममध्ये जातं. तिथे त्याची थोडी काटछाट झाली की ते पुऱ्या ताकदीने कामाला लागतं.

हे एकच विकर नसेल तर काय होतं? १९३२ मध्ये डच डॉक्टर पॉम्पे यांनी हृदय प्रचंड वाढून दगावलेल्या एका तान्ह्या बाळाचं वर्णन केलं. त्याच्या स्नायूंत ग्लायकोजेन ठासून भरलेलं होतं. कोडं असं होतं की पेशीद्रव्यात ग्लायकोजेन तोडणारी नेहमीची विकरं अशा रुग्णांत व्यवस्थित असतात. मग ते साठतं का? १९६३ मध्ये ल्युव्हेनमध्येच आंरी-जेरी एर्स यांनी दाखवलं की या रुग्णांत लायसोसोममधलं अल्फा-ग्लुकोसायडेज नाही. ग्लायकोजेनचा काही भाग स्वभक्षणातून, म्हणजे पेशी स्वतःचाच माल पचवायला पाठवते त्या वाटेने, लायसोसोममध्ये जातो, आणि एकदा आत गेला की त्याला बाहेर पडायची वाट फक्त ग्लुकोज बनूनच मिळते. विकर नाही, म्हणून वाट नाही. लायसोसोम फुगत जातात आणि स्नायूच्या तंतूंना जागाच उरत नाही. एखादं विकर नसल्यामुळे लायसोसोममध्ये साठा होतो आणि त्यातून आजार होतो, हे इथे पहिल्यांदा सिद्ध झालं. आज असे ५० हून अधिक आजार माहीत आहेत. प्रत्येक आजार दुर्मीळ असला तरी सगळे मिळून काही हजार जन्मांमागे एका बाळात सापडतात.

आता गॉल्गीतली खूण चुकली तर? माझ्या कामात सगळ्यात जास्त शिकवून जाणारा आजार हाच आहे: आय-सेल आजार. बाळाची वाढ खुंटलेली, सांधे ताठ, चेहऱ्याची ठेवण जाड. डॉक्टर लायसोसोमचा आजार असावा म्हणून रक्त पाठवतात. आम्ही रक्तद्रवातली लायसोसोमची विकरं मोजतो, आणि ती कमी तर नसतातच, उलट नेहमीच्या कितीतरी पट जास्त निघतात. एक नव्हे, एकामागून एक बरीचशी. नवख्या माणसाला वाटेल, नमुना खराब झाला. मग त्याच बाळाच्या त्वचेच्या पेशी वाढवून मोजायच्या, तर आत तीच विकरं जवळपास नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी गडद कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. विकरं बनली, घडी बरोबर पडली, पण गॉल्गीतलं खूण उमटवणारं पहिलं विकरच सदोष. खूण नाही म्हणून ग्राही पकडत नाही, आणि न पकडलेलं प्रथिन पेशीबाहेर सोडायचं हा गॉल्गीचा शिरस्ता. सगळा माल रक्तात. लायसोसोम रिकामे नाहीत, उलट न पचलेल्या पदार्थांनी भरलेले. दोष मात्र लायसोसोममध्ये मुळी नाहीच.

या आजाराचं कोडं सुटण्याआधी एक साधा प्रयोग झाला होता, त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांचे सहकारी हर्लर आणि हंटर या दोन आजारांच्या रुग्णांच्या पेशी वाढवत होते. दोन्हींत एकाच जातीच्या लांब शर्करासाखळ्या साठतात. त्यांनी दोन्ही रुग्णांच्या पेशी एकाच भांड्यात मिसळून वाढवल्या, आणि दोन्हींतला साठा कमी झाला. हर्लरच्या पेशीत जे विकर नाही ते हंटरच्या पेशीत आहे, आणि उलटही. प्रत्येक पेशीतून थोडं विकर बाहेर झिरपतं, शेजारची पेशी ते उचलते आणि ते तिच्या लायसोसोममध्ये पोचतं. नंतर आय-सेलच्या पेशींवर हेच करून पाहिलं. त्यांना दुसऱ्यांचं विकर घेता येत होतं, पण त्यांनी सोडलेलं विकर दुसरी पेशी घेत नव्हती. म्हणजे उणीव घेणाऱ्यात नव्हती, विकरावरच्या कशात तरी होती. ती उणीव म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट, हे १९७७ मध्ये उलगडलं. पेशीपटलावरही याच खुणेचे काही ग्राही असतात, म्हणून बाहेरचं विकर आत येऊ शकतं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली इथे आहे.

त्याआधी लायसोसोममध्ये काय काय येतं ते पाहू. बाहेरून गिळलेले जिवाणू आणि मेलेल्या पेशींचे तुकडे येतात. रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण ग्राहीमार्फत एंडोसोममधून येतात. आणि आतून येतो पेशीचा स्वतःचाच माल. पेशीद्रव्यात एक दुहेरी पटल उगवतं, ते एखाद्या खराब मायटोकॉन्ड्रिअनला किंवा जालिकेच्या तुकड्याला चहूबाजूंनी वेढतं आणि मग लायसोसोमशी एकजीव होतं. हे स्वभक्षण. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. यीस्टची रिक्तिका म्हणजे तिचा लायसोसोमच. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं, तर न पचलेले गोळे रिक्तिकेत साचून थरथरताना दिसले. त्यावरून त्यांनी स्वभक्षणाची जनुकं शोधली आणि २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं. वनस्पतींतही मोठी मध्यवर्ती रिक्तिका हे काम करते, शिवाय पेशी ताठ ठेवण्याचं आणि साठवणीचं कामही तीच करते.

मायटोकॉन्ड्रियाचं उदाहरण इथे फार महत्त्वाचं आहे. चांगल्या मायटोकॉन्ड्रिअनच्या आतल्या पटलावर विद्युतदाब असतो. तो दाब असेपर्यंत पिंक-१ नावाचं प्रथिन आत ओढलं जाऊन नष्ट होतं. दाब गेला की ते बाहेरच्या पटलावर साचतं, पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, आणि त्या मायटोकॉन्ड्रिअनवर ‘घेऊन जा’ अशी खूण पसरते. मग स्वभक्षण, मग लायसोसोम. या दोन प्रथिनांच्या जनुकांत दोष असलेल्या लोकांना तरुण वयात पार्किन्सन होऊ शकतो. चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे साचलेला कचरा वाटून कमी करण्याची सोयही त्यांना नसते.

एकेकटं प्रथिन मोडायला प्रोटिएसोम पुरतो. अख्खं अंगक, प्रथिनांचे घट्ट गोळे किंवा पटलातले मेद मोडायचे तर लायसोसोमला पर्याय नाही. पेरॉक्सिसोम अतिलांब मेदाम्लं तोडतो आणि त्यात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड कॅटालेज या विकराने तिथल्या तिथे निकामी करतो. ते खातं स्वतंत्र आहे, पण जुना पेरॉक्सिसोम शेवटी लायसोसोमकडेच येतो.

पचलेला माल बाहेर जाणं हेही तितकंच मोठं काम, आणि पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते. सिस्टिनोसिस या आजारात सगळी विकरं ठीक असतात. फक्त सिस्टिन हे अमिनो आम्ल बाहेर नेणारं पटलातलं प्रथिन नसतं. सिस्टिनचे स्फटिक साठतात, डोळ्याच्या पारपटलात ते प्रत्यक्ष दिसतात, आणि मूत्रपिंडं लहानपणीच निकामी होऊ लागतात. त्यावरचं औषध सिस्टिअमिन लायसोसोममध्ये शिरतं, सिस्टिनला तोडून त्याच्या अर्ध्या भागाला चिकटतं, आणि ती जोडी दुसऱ्याच एका वाहक प्रथिनातून बाहेर पडते. बंद दाराला हात न लावता शेजारच्या दाराने माल काढणारं हे औषध मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतं. नीमन-पिक सी या आजारात असाच कोलेस्टेरॉलचा मार्ग अडतो. कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये साचतं आणि आंतर्द्रव्यजालिकेला वाटतं की पेशीत ते कमी पडलंय, म्हणून ती आणखी बनवत राहते. लोहाचंही तसंच. लायसोसोममधलं आम्ल कमी झालं तर लोह सुटून बाहेर येत नाही, आणि त्याचा फटका बसतो मायटोकॉन्ड्रियाला, कारण त्यांच्या श्वसनसाखळीला लोह लागतंच.

म्हणूनच पेशी आपल्या खाण्यापिण्याचा अंदाज लायसोसोमवरून घेते. अमिनो आम्लं भरपूर असली की एमटॉर नावाचं प्रथिनसंकुल लायसोसोमच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन कामाला लागतं आणि ‘वाढा, प्रथिनं बनवा’ असा हुकूम सोडतं. उपासमार झाली की ते थंडावतं. मग टीएफईबी हे प्रथिन पेशीद्रव्यातून केंद्रकात शिरतं आणि लायसोसोमची व स्वभक्षणाची कितीतरी जनुकं एकदम चालू करतं. केंद्रक वरून हुकूम सोडतं आणि बाकीचे ऐकतात, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. इथे लायसोसोमकडून केंद्रकाला खबर जाते आणि त्यावरून जनुकं चालतात.

आता तिसरा प्रश्न. गोशे आजारातल्या भक्षकपेशीने सुरुवात करते. रक्तातल्या तांबड्या पेशींना स्वतःचा लायसोसोम नसतो. सुमारे १२० दिवसांनी प्लीहेतल्या भक्षकपेशी त्यांना गिळतात. त्यांच्या आणि पांढऱ्या पेशींच्या पटलातला ग्लुकोसेरेब्रोसाइड हा मेद तोडणारं विकर गोशेच्या रुग्णांत तोकडं पडतं. अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मोठाल्या भक्षकपेशी दिसतात, आणि त्यांचं पेशीद्रव्य चुरगाळलेल्या पातळ कागदासारखं सुरकुतलेलं. त्या सुरकुत्या म्हणजे लायसोसोममध्ये साठलेल्या मेदाचे थर. प्लीहा पोटभर वाढते, रक्त कमी होतं, हाडं दुखतात.

इथे औषध भक्षकपेशीपर्यंत पोचवायचं होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉस्को ब्रॅडी यांच्या गटाने मानवी वारेतून (प्लॅसेंटातून) हे विकर काढलं. नुसतं टोचून फारसा उपयोग होईना, कारण ते यकृताच्या इतर पेशींतच जास्त जायचं. भक्षकपेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज शर्करेचे ग्राही असतात. म्हणून विकरावरच्या शर्करा छाटून मॅनोज उघडं केलं, आणि विकर हव्या त्या पेशीने उचललं. १९९१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पॉम्पेसाठी २००६ मध्ये आलेलं विकर मॅनोज-६-फॉस्फेटच्या वाटेने स्नायूंत जातं. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर असं, की औषध लायसोसोमपर्यंत आपण पोचवत नाही. त्यावर योग्य शर्करा ठेवतो, आणि पेशीपटल आणि एंडोसोम ते पोचवतात.

या उपायाची मर्यादा मोठी आणि दुःखद आहे. शिरेतून दिलेलं नेहमीचं विकर रक्त आणि मेंदू यांमधली भिंत ओलांडत नाही. टे-सॅक्ससारख्या आजारात चेतापेशींतच गँग्लिओसाइड नावाचा मेद साठतो, तिथे हे विकर पोचतच नाही. हर्लरमध्ये लवकर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं तर दात्याच्या काही पेशी मेंदूत जाऊन वसतात आणि तिथे विकर सोडतात. न्यूफेल्ड यांच्या भांड्यात घडलं तेच इथे घडतं. पण लवकर म्हणजे खरोखर लवकर, त्यामुळे बाळाच्या टाचेतून घेतलेल्या सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावर विकरं मोजण्याच्या तपासणीला इतकं महत्त्व आहे.

दुसरं उत्तर आणखी वेगळं आहे. फाब्री आजारात अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए या विकराचा दोष असतो. काही रुग्णांत ते बनतं, पण घडी ढिली असल्यामुळे जालिकेत अडतं. मिगॅलास्टॅट हा छोटा रेणू तोंडावाटे घ्यायचा असतो. तो जालिकेत जाऊन विकराच्या क्रियास्थानात, म्हणजे विकर जिथे काम करतं त्या खोबणीत बसतो, घडीला आधार देतो, आणि जालिका त्या विकराला पुढे सोडते. म्हणजे आजार लायसोसोमचा आणि औषध आंतर्द्रव्यजालिकेत. क्रियास्थानातच बसणारा रेणू विकराचं काम अडवणार नाही का, ही शंका रास्त आहे. लायसोसोमच्या आम्लात त्याची पकड सैल होते आणि तिथे साठलेला मेद त्याला बाजूला सारतो. शिवाय हे औषध एक दिवसाआड देतात, म्हणजे मधल्या वेळात रेणू शरीरातून निघून जातो आणि विकर मोकळेपणी काम करतं. ज्या रुग्णाचा जनुकीय बदल घडी ढिली करणारा आहे त्यालाच ते चालतं. विकर मुळात बनतच नसेल तर आधार द्यायला काही उरत नाही. म्हणून फाब्रीच्या रुग्णात विकराचा आकडा कमी आला की आमचं काम तिथे संपत नाही. नेमका कुठला बदल आहे हे जनुक वाचून पाहावं लागतं, आणि त्यावरून गोळी की शिरेतून विकर, हे ठरतं.